नागपूरकर भोसल्यांची फौज आणि परकी कवायत

राज्य लहान, शेजारी बलाढ्य, आणि त्या शेजाऱ्याच्या हाती नवे शस्त्र व नवी कवायत. अशा वेळी लहान राज्याने काय करावे, हा प्रश्न आजचा नव्हे. विसाव्या शतकात अनेक लहान राष्ट्रांनी आपली विमानदळे उभारिली, तेव्हा त्यांनाही हाच पेच पडला. विमाने एका देशाची, शिकविणारे दुसऱ्या देशाचे, आणि सुटे भाग मिळणे न मिळणे तिसऱ्याच्या मर्जीवर. आमच्या वाचकांस हा पेच जवळून पाहावयाचा असेल तर त्यांनी नागपूरकर भोसल्यांच्या लष्कराचा इतिहास पाहावा. त्या इतिहासाचा शेवटचा अंक चांद्यास, म्हणजे आजच्या चंद्रपुरास घडला, आणि त्याची रंगभूमी असलेला तट अद्याप बराचसा उभा आहे.

पहिल्या रघूजीच्या फौजेला परकी गुरू नव्हता. हलक्या घोडदळाचा वेग, मुलखाची माहिती आणि शत्रूची रसद तोडण्याची हातोटी एवढ्या भांडवलावर त्याने बंगालच्या नबाबाला दहा वर्षे जेरीस आणिले. १७५१ साली अलिवर्दीखानाशी तह होऊन ओरिसा त्याच्या हाती आला, आणि त्याच साली चांद्याचे गोंड राज्यही नीळकंठशहापासून त्याने घेतले. राज्याबरोबर त्याला चांद्याचा कोटही मिळाला. खांडक्या बल्लाळशहाच्या कुत्र्यामागे ससा लागला आणि त्या पाठलागाच्या वाटेवरच तट आखला गेला, अशी या कोटाची दंतकथा आहे. दंतकथा कशीही असो, साडेपाच-सहा मैल घेराचा आणि जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर व बिनबा अशा चार वेशींचा हा तट गोंड राजांनी पिढ्यान्‌पिढ्या खपून पुरा केला होता. त्या काळच्या युद्धास तो पुरेसा होता.

पुढे काळ पालटला. १७८४ पासून महादजी शिंद्यांनी द बॉयन या सॅव्हॉयच्या सरदाराकडून कवायती पलटणी तयार करविल्या, आणि १७९० साली पाटण व मेडते येथे राजपुतांच्या घोडदळाची त्या पलटणींपुढे काय गत झाली हे सर्व हिंदुस्थानाने पाहिले. त्यानंतर कवायती पायदळ बाळगणे ही दरबारांची चालच पडली. होळकरांनीही द्युद्रनेक नावाचा फ्रेंच सरदार ठेविला. नागपुरास दुसरा रघूजी गादीवर होता. हा पुरुष हिशेबी. पुढे मुलूख गेल्यावर त्याने पैशासाठी रयतेस असे पिळले की लोक त्यास ‘मोठा वाणी’ म्हणू लागले. द बॉयनसारखा सेनापती आणि त्याच्या खर्चासाठी तोडून दिलेले परगणे हा मार्ग त्याने धरिला नाही. काही कवायती पायदळ, थोड्याबहुत तोफा, आणि कणखरपणासाठी पगारी अरब अशी मिश्र रचना त्याने पत्करिली. खर्च वाचला खरा. पण शिंद्यांकडे निदान सबंध यंत्र आले होते, तोफा ओतण्याच्या कारखान्यांसह. नागपुरास आले ते त्या यंत्राचे सुटे भाग.

सबंध यंत्राचेही भाग्य फारसे वेगळे निघाले नाही, हे येथे सांगितले पाहिजे. १८०३ साली इंग्रजांशी युद्ध जुंपताच शिंद्यांच्या नोकरीतील बरेच इंग्रज अंमलदार कंपनीच्या जाहीरनाम्यास वश होऊन निघून गेले, आणि खुद्द पेराँनेही सप्टेंबरात इंग्रजांचा आश्रय केला. असईस शिंद्यांचे गोलंदाज तोफांपाशी उभ्याउभ्या कापले गेले. ते शिपाई येथलेच होते. निघून गेले ते शिकविणारे. भोसल्यांची पाळी २९ नोव्हेंबरला आडगावास आली. रघूजीचा भाऊ व्यंकोजी सेनापती होता. परदेशी पगारी शिपायांच्या एका तुकडीने गोऱ्या पलटणींवर निकराचा हल्ला केला आणि ती जवळजवळ सबंध कापली गेली. बाकीची फौज फार वेळ टिकली नाही. १५ डिसेंबरला गाविलगड पडला व किल्लेदार बेणीसिंग तेथेच कामास आला. लगेच १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. त्या तहात कटक गेले, वर्धेपलीकडचा वऱ्हाड गेला. आणि इंग्रजांशी वैर असलेल्या युरोपीय राष्ट्राचा माणूस राजाने चाकरीस ठेवू नये असेही एक कलम पडले. मुलूख गेल्याचे दुःख बखरकारांस झाले. आम्हांस हे कलम अधिक मोलाचे वाटते. कोणाकडून शिकावे हे ज्याने ठरवावयाचे तो राजा आता राहिला नाही, असा त्याचा अर्थ होता.

मराठ्यांनी गनिमी कावा सोडून परकी कवायत धरिली म्हणून ते बुडाले, असे मत आपल्याकडे पुष्कळांनी मांडिले आहे. आम्हांस ते अर्धेच पटते. सपाट मैदानात शिस्तीच्या बंदुकांपुढे घोडदळ टिकत नाही हे महादजींनी ओळखिले, यात चूक काय? दोष असा की कवायत घेतली आणि ती शिकविणारा अंमलदारवर्ग आपल्यात निर्माण केला नाही. वेळच्या वेळी पगार देणारा खजिना उभारिला नाही, नकाशे काढविले नाहीत. चांदा प्रांताचेच पाहा. लोहारा, देऊळगाव येथे उत्तम प्रतीचे लोखंड, सुरजागडचे डोंगर तर त्याचेच. रानातले कारागीर लहान भट्ट्यांत ते गाळीत आणि कुऱ्हाडी-फाळ करीत. त्या कसबास तोफखान्याशी जोडावे, असा प्रयत्न आमच्या वाचनात नाही. अहेरीसारख्या जमीनदाऱ्यांतील गोंड-माडिया माणूस या अरण्याची वाट न् वाट जाणणारा. त्याच्याकडून कर घ्यावयाचा, आणि राज्य राखावयाचे ते समुद्रापलीकडून आलेल्या अरबाने!

अरबांच्या शौर्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. १८१६ च्या मे महिन्यात आप्पासाहेबाने तैनाती फौजेचा तह केला. कंपनीची फौज नागपुरास राहावी, तिच्याबद्दल राजाने वर्षास साडेसात लाख रुपये द्यावे, असे ठरले. दीड वर्षात तो तह मोडून २६ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीची लढाई सुरू झाली. टेकड्यांवर इंग्रजांची माणसे चौदाशेच्या आसपास. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी टेकडी अरबांनी घेतलीही. मग फिट्झजेराल्डच्या रिसाल्याचा हल्ला झाला, टेकडी परत गेली आणि डाव उलटला. पण आमच्या विषयास महत्त्वाचा प्रसंग याच्या पुढचा आहे. १६ डिसेंबरला आप्पासाहेब स्वतः इंग्रजांच्या छावणीत जाऊन शरण आला, तरी त्याच्या फौजेने तोफा देण्याचे नाकारिले आणि लढाई झालीच. ती हरल्यावरही अरबांनी शहर सोडिले नाही. २४ तारखेचा इंग्रजांचा हल्ला त्यांनी परतविला, आणि महिनाअखेर आपल्या शर्ती ठरवून ते बाहेर पडले. धनी शत्रूच्या तंबूत, आणि चाकर त्याच्या राजधानीत आपल्यापुरता तह करीत आहेत! ही फौज होती तरी कोणाची?

राहिला चांदा. मार्च १८१८ मध्ये आप्पासाहेबास इंग्रजांनी कैद केले. पेशवे बाजीराव चांद्याकडे येऊ पाहत होते; १७ एप्रिलला पांढरकवड्याजवळ कर्नल ॲडम्सने त्यांस गाठून उधळून लाविले, आणि ९ मे रोजी तो चांद्याच्या तटाखाली आला. किल्लेदार गंगासिंग जाट याने किल्ला देण्याचे नाकारिले. विदर्भाचा वैशाख कसा असतो हे वाचकांस सांगावयास नको. त्या उन्हात दहा दिवस मोर्चे बांधणे चालले. १९ तारखेस आग्नेयेच्या कोपऱ्यावर भिंत पाडणाऱ्या तोफा सुरू झाल्या आणि संध्याकाळपर्यंत तटास खिंडार पडले. २० मेच्या सकाळी शहर पडले. गंगासिंग कामास आला. गोंड राजांच्या पिढ्यांनी रचलेली ती भिंत तोफांच्या एका दिवसाच्या माऱ्यास पुरली. भोसल्यांच्या ताब्यात ती सदुसष्ट वर्षे होती. या अवधीत युरोपातील वेढ्यांची विद्या इकडच्या प्रत्येक दरबाराच्या कानांवर आली होती. पण नव्या तोफांस तोंड देईल अशी सुधारणा त्या तटात झाली नाही.

त्यानंतर चाळीस वर्षांनी याच मुलखात पुन्हा हत्यार उचलले गेले. मोलमपल्लीचा तरुण जमीनदार बाबूराव शेडमाके याने १८५८ च्या मार्चात गोंड आणि रोहिले जमवून राजगड घेतले, आणि आडपल्ली-घोटचा व्यंकटराव त्यास मिळाला. तोफ नाही, पलटण नाही, शिकविणारा साहेब नाही. होते ते अरण्य आणि त्याची वाट जाणणारी माणसे. इंग्रजांच्या फौजेस त्यांनी महिनोन् महिने दमविले. अखेर बाबूराव सापडला तो तोफेने नव्हे. अहेरीच्या जमीनदारीणबाईंनी त्यास इंग्रजांच्या स्वाधीन केले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यास चांद्यास फाशी देण्यात आली.