लॅपटॉपचा पडदा : रंग किती आणि कोणते?

सिल्वासा आणि भोवतालच्या मसाट, राखोली, खडोली या पट्ट्यात पॉलिएस्टर धाग्याचे व कापडाचे कारखाने आहेत. धाग्याची छटा दूरच्या ग्राहकाला छायाचित्रातून दाखवायची, तर मध्यस्थ असतो तो लॅपटॉपचा पडदा. तो रंग फिका दाखवत असेल, तर मागणी एका छटेची आणि माल दुसऱ्याच छटेचा, असा घोळ होऊ शकतो.

पडद्यावरील प्रत्येक बिंदू लाल, हिरवा व निळा अशा तीन उपबिंदूंचा असतो. प्रत्येक उपबिंदूच्या उजेडाला किती पायऱ्या आहेत, हे ‘कलर डेप्थ’ सांगते. 6 बिटांत 64 पायऱ्या, म्हणजे एकूण 2,62,144 रंग. 8 बिटांत 256 पायऱ्या आणि 1,67,77,216 रंग. 10 बिटांत 107 कोटींहून अधिक. अनेक स्वस्त पडदे मुळात 6 बिटांचेच असतात. शेजारच्या दोन पायऱ्यांमध्ये वेगाने अदलाबदल करून ते मधल्या छटेचा आभास निर्माण करतात. जुन्या माहितीपत्रकांत 1 कोटी 67 लाखांऐवजी 1 कोटी 62 लाख असा आकडा दिसे, तो या युक्तीचाच. पायऱ्या कमी पडल्या, की सायंकाळच्या आकाशाच्या छायाचित्रात सलग छटेऐवजी पट्टे उमटतात.

खरी गफलत मात्र वेगळ्याच आकड्यात असते. ‘45 टक्के एनटीएससी’ ही नोंद रंगांची संख्या नव्हे, त्यांचा आवाका सांगते. एनटीएससी हे 1953 मधील अमेरिकी दूरचित्रवाणीचे मानक. आज संगणकावर प्रचलित असलेले एसआरजीबी हे मानक 1996 मध्ये एचपी व मायक्रोसॉफ्ट यांनी मांडले. त्याचा आवाका एनटीएससीच्या सुमारे 72 टक्के भरतो. म्हणजे 45 टक्क्यांचा पडदा एसआरजीबीचा जेमतेम पाऊण हिस्साही दाखवू शकत नाही. पायऱ्या कितीही बारीक केल्या, तरी असा जिना माडीपर्यंत पोहोचत नाही.

दादरा व नगर हवेलीतील वारली चित्रांची गेरूने सारवलेली पार्श्वभूमी याचे उत्तम उदाहरण ठरते. गेरूचा तांबूस रंग फार भडक नाही. तरीही अरुंद आवाक्याचा पडदा सगळेच रंग आक्रसून दाखवतो, म्हणून तो विटकरी, निस्तेज भासतो. तो सुधारण्यासाठी चित्राची रंगतीव्रता वाढवली, तर छापील प्रत भडक निघते.

खरेदी करताना ‘100 टक्के एसआरजीबी’ ही नोंद, आयपीएस किंवा ओएलईडी प्रकार आणि किमान 300 निट उजेड पाहावा. टीएन पडद्यावर मान जराशी हलवली, तरी छटा पालटते. एकाच नावाचा लॅपटॉप दोन वेगळ्या पडद्यांसह विकला जातो, त्यामुळे संपूर्ण मॉडेल क्रमांक तपासणे अगत्याचे. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये दिसणारा बिटांचा आकडा संगणकाकडून जाणाऱ्या संकेताचा असतो. पडद्याची मूळ क्षमता त्यावरून निश्चित कळेलच असे नाही.

रंगमापक उपकरणाने पडद्याची जुळणी करता येते, पण मुळात नसलेला रंग त्यातून मिळत नाही. म्हणूनच वस्त्रोद्योगात अंतिम मंजुरी प्रत्यक्ष नमुन्यालाच दिली जाते, तीही डी 65 या प्रमाणित उजेडात. त्या उजेडात हुबेहूब जुळणारे दोन धागे पिवळ्या दिव्याखाली वेगळे दिसू शकतात, आणि हा फरक एका छायाचित्रात कोणताच पडदा दाखवू शकत नाही.