७४४ सीसीचा हट्ट

(१/९) १९३६ साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅमजवळच्या लाँगब्रिज कारखान्यात शर्यतीच्या तीन चिमुकल्या गाड्या सिद्ध झाल्या. इंजिन अवघे ७४४ सीसीचे, आजच्या कित्येक मोटारसायकलींपेक्षाही लहान. शक्ती मात्र ११६ अश्वशक्ती! सामान्यांसाठी स्वस्त मोटारी बनविणाऱ्या ऑस्टिन कंपनीने हा खटाटोप का केला?

(२/९) मुळाशी होती ‘ऑस्टिन सेव्हन’. १९२१ मध्ये कंपनी आर्थिक संकटात होती आणि संचालकांना लहान गाडीची कल्पना मान्य नव्हती. हर्बर्ट ऑस्टिन यांनी स्टॅन्ली एज या १८ वर्षांच्या आरेखकाला घरी बोलावले आणि बिलियर्ड्सच्या खोलीत आराखडे करून घेतले. १९२२ मध्ये आलेल्या या गाडीने कंपनीला तारले.

(३/९) सेव्हनची शक्ती जेमतेम १० अश्वशक्ती. तरीही हौशी चालकांनी तिला शर्यतीत उतरवले आणि ७५० सीसीच्या गटात तिचा दरारा निर्माण झाला. पुढे प्रतिस्पर्धी उभा राहिला : एमजी. फेब्रुवारी १९३१ मध्ये फ्रान्समधील माँतलेरी येथे जॉर्ज आयस्टन यांनी एमजीतून ताशी १०० मैलांचा टप्पा ओलांडला. या गटात हे प्रथमच घडत होते. ऑस्टिन यांच्या जिव्हारी लागावी अशीच ही घटना.

(४/९) १९३२ मध्ये त्यांनी मरे जेमिसन या तरुण अभियंत्याला पाचारण केले. सुपरचार्जर, म्हणजे हवा व इंधन यांचे मिश्रण दाबाने सिलिंडरमध्ये कोंबणारे यंत्र, हा जेमिसन यांचा हातखंडा विषय. सेव्हनच्या जुन्या इंजिनातून शक्य तेवढे पिळून काढल्यावर त्यांनी संपूर्ण नवे इंजिन घडविले.

(५/९) सिलिंडरच्या माथ्यावर दोन कॅमशाफ्ट, त्यांना फिरविणारी दंतचक्रे आणि जोडीला सुपरचार्जर. मिनिटाला १२,००० फेरे सोसता यावेत, या हिशेबाने त्याची आखणी झाली होती. दुहेरी कॅमशाफ्ट ही जेमिसन यांची मूळ कल्पना नव्हे. पूजोने १९१२ मध्येच ती शर्यतीत आणली होती. एवढ्याशा इंजिनात ती या ताकदीने बसविणे, हे जेमिसन यांचे कर्तृत्व.

(६/९) येथे इतिहासाने एक गंमत केली. ऑस्टिनचे इंजिन काळाच्या पुढचे, पण सांगाडा व स्प्रिंगांची रचना जुन्याच वळणाची. याउलट एमजीने १९३५ मध्ये एच. एन. चार्ल्स यांच्या आराखड्यानुसार ‘आर-टाइप’ आणली : चारही चाकांना स्वतंत्र निलंबन, पण इंजिन आधीच्याच गाडीच्या धर्तीचे! त्याच वर्षी एमजीचा शर्यत विभाग बंद झाला. दहा गाड्यांवर तो प्रयोग थांबला.

(७/९) ऑस्टिनच्या वाटेतही काटे होतेच. पहिल्या हंगामात गाड्या वारंवार नादुरुस्त होत. बॅकवेलच्या चढणीच्या शर्यतीत चालक पॅट ड्रिस्कॉल गंभीर जखमी झाले. पुढील हंगामांत मात्र चार्ली डॉडसन आणि लाँगब्रिजमध्येच उमेदवारी केलेले बर्ट हॅडली यांनी विजय मिळविले.

(८/९) जेमिसन तोवर ‘ईआरए’ या शर्यतीच्या गाड्या बनविणाऱ्या संस्थेत गेले होते. मे १९३८ मध्ये ब्रुकलँड्स येथे ते केवळ प्रेक्षक म्हणून उभे होते. एक गाडी भरकटून प्रेक्षकांत घुसली आणि त्यांचा अंत झाला. वर्षभराने महायुद्ध पेटले, शर्यती थांबल्या आणि लाँगब्रिजमध्ये युद्धविमाने बनत राहिली. १९४१ मध्ये हर्बर्ट ऑस्टिनही निवर्तले.

(९/९) प्रगत इंजिन एका कारखान्यात, प्रगत सांगाडा दुसऱ्यात. मध्ये होती स्पर्धेची भिंत. १९५२ मध्ये ऑस्टिन आणि एमजी विलीनीकरणातून एकाच छत्राखाली आल्या, पण तोवर दोन्ही प्रयोग इतिहासजमा झाले होते. स्पर्धेने या दोन्ही गाड्या जन्माला घातल्या. त्यांची भेट मात्र तिनेच होऊ दिली नाही.