आधी यूपीएस, मग प्रोसेसर

आमच्या नांदेड-लातूरकडे १९९८ ते २००५च्या दरम्यान ज्यांच्या घरी पहिला कॉम्प्युटर आला, त्यांच्यातल्या बहुतेकांकडे तो 'असेंबल्ड' आला. कंपनीचं नाव असलेला कॉम्प्युटर बघायचा तो बँकेत नाहीतर कॉलेजच्या लॅबमध्ये. घरचा यायचा कोटेशनवरून. दुकानदाराच्या लेटरहेडवर एकाखाली एक दहा-बारा ओळी, समोर आकडे आणि खाली बेरीज. आमच्याकडे १९९९च्या दिवाळीआधी ती बेरीज २८ हजार झाली होती आणि बाबांनी जीपीएफमधून काढले होते २५. ताईचं इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, रोज संध्याकाळी लॅबमध्ये नंबर लावून बसायची. म्हणजे 'पुढच्या वर्षी बघू' म्हणायची सोय नव्हती. तीन हजार कापायचे कुठून?

मंडळी, हा प्रश्न विचारता येत होता हीच मुळात इतिहासातली एक गंमत आहे. टीव्ही घेताना कोणी म्हणत नाही की पिक्चर ट्यूब या कंपनीची द्या आणि बाकी स्वस्तातलं घाला! कॉम्प्युटरच्या बाबतीत ते जमलं, कारण ऑगस्ट १९८१मध्ये आयबीएमने आपला पीसी बाजारात आणला तो घाईघाईत. सगळं घरी बनवायला वेळ नव्हता, म्हणून प्रोसेसर इंटेलचा घेतला, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची, आणि आतल्या जोडणीचे आराखडे चक्क पुस्तकात छापून टाकले. स्वतःचं म्हणावं असं राहिलं ते बायोस. १९८२मध्ये कॉम्पॅकने त्याच्यासारखंच चालणारं बायोस नकल न करता स्वतः लिहून काढलं आणि दार सताड उघडलं. पुढे तैवानमधल्या कारखान्यांनी एकमेकांत बसतील असे सुटे भाग बनवायचा सपाटा लावला. १९९५ला इंटेलने एटीएक्स हा सांगाडा ठरवून दिला, त्यामुळे कुठलाही बोर्ड कुठल्याही कॅबिनेटच्या भोकांवर बसू लागला.

आपल्याकडे ते भाग यायला सरकारची कृपा लागली. १९८४च्या नव्या धोरणाने आयात थोडी सैल झाली, १९९१नंतर आणखी. १९९७मध्ये भारत माहिती तंत्रज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला आणि शुल्क टप्प्याटप्प्याने उतरत २००५ साली शून्यावर आलं. तोवर बराच माल कच्च्या बिलावर फिरायचा हेही सांगून टाकतो. आणि विंडोज ९८ची ओळ कोटेशनमध्ये नसायची, मशीनमध्ये मात्र असायची! असो.

मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड, दिल्लीकरांना नेहरू प्लेस. आम्हाला सिकंदराबाद. नांदेड १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात, रेल्वेही निजामाच्या काळातली, त्यामुळे लग्नाचा बस्ता असो की मोठ्या डॉक्टरला दाखवणं, रात्रीच्या गाडीने हैदराबाद गाठायची सवय जुनीच. पार्कलेनमधलं चिनॉय ट्रेड सेंटर, म्हणजे 'सीटीसी', ही त्याच रस्त्यावरची नवी पेठ. लातूरचं तसं नव्हतं. कुर्डुवाडीकडे तेव्हा बार्शी लाइटची अरुंद रुळांची गाडी होती, माल यायचा ट्रॅव्हल्सच्या टपावरून, पुण्या-मुंबईहून.

आता कोणी म्हणेल, मग सीटीसीला जाऊन स्वतःच का नाही आणला? हजार-दीड हजार वाचले असते. पण बोर्ड बिघडला की तो परत तिथेच न्यायचा, महिनाभर वाट बघायची, पुन्हा जायचं. गावातला दुकानदार जे जास्तीचे पैसे घ्यायचा ते या हेलपाट्यांचे. आमचे लातूरचे मामा म्हणायचे, कॉम्प्युटरचा सगळ्यात महत्त्वाचा पार्ट म्हणजे दुकानदाराचं घर कुठे आहे ते. मला हे आजही पटतं.

त्या काळात मासिकांमध्ये 'तुमच्या बजेटमधला पीसी' अशा याद्या यायच्या. त्यात पहिला प्रोसेसर, मग बोर्ड, मग रॅम, आणि यूपीएस असलाच तर तळाशी, 'हवा असल्यास' म्हणून. ती यादी मोठ्या शहरात बसून केलेली असायची. आमच्याकडे यादी उलटी सुरू व्हायची. संध्याकाळी दिवे मिणमिणायचे, रात्री शेतातले पंप सुरू झाले की व्होल्टेज आणखी खाली. एकदा असंच मशीन बंद पडलं की पुढच्या वेळी विंडोजच्या आधी तो निळा पडदा, स्कॅनडिस्कची ती मुंगीच्या चालीने सरकणारी पट्टी, आणि घरच्यांचा जीव टांगणीला. यूपीएस दहा-पंधरा मिनिटंच टिकायचा, पण सेव्ह करून नीट बंद करायला तेवढी पुरतात. बजेटचा जवळजवळ दहावा हिस्सा त्यात जायचा आणि त्याला हात लावायचा नाही हे आमच्याकडे न बोलता ठरलेलं होतं.

त्याहून आधीची एक ओळ तर कोटेशनमध्ये नसायचीच. अर्थिंग! जुन्या घरांत ते धड नसायचं आणि कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या. मग वायरमन बोलवायचा, अंगणात खड्डा खणायचा, त्यात मीठ आणि कोळसा घालून पट्टी पुरायची. आमच्या कॉम्प्युटरचा बसवलेला पहिला भाग म्हणजे हा खड्डा.

उन्हाळ्याचाही हिशोब असायचा. एएमडीचा प्रोसेसर त्याच पैशात जास्त वेग द्यायचा, तरी आमच्याकडचे दुकानदार 'गरम होतो' म्हणून नको म्हणायचे. यात निम्मी अफवा होती, निम्मं खरं. २००१च्या सुमाराचे ॲथलॉन पंखा आणि हीटसिंक निघाले तर स्वतःला वाचवू शकत नसत, पेंटियम ४ मात्र वेग कमी करून तग धरायचा. पंखा नीट बसवलेला असेल तर एएमडी मुकाट्याने चालायचा. पण मे महिन्यातलं ४२-४३ अंशांचं नांदेड आणि धुळीने भरलेला पंखा डोळ्यांपुढे आणा, मग दुकानदाराला नावं ठेवता येत नाहीत.

आमच्या कोटेशनवर इंटेलचा सेलेरॉनच होता. १९९८च्या एप्रिलमध्ये आलेला पहिला सेलेरॉन दुसऱ्या पातळीची कॅश नसल्याने अगदीच मंद, त्याची थट्टा व्हायची. पण त्याच ऑगस्टपासूनच्या सेलेरॉनांत १२८ केबी कॅश आली आणि ते चांगले निघाले. तिथे कापण्यासारखं काही उरलं नव्हतं. बोर्डही इंटेलच्या ८१० चिपसेटचा. त्यावर ग्राफिक्स आतच, त्यामुळे वेगळ्या कार्डाचे पैसे वाचायचे. मात्र एजीपीचा स्लॉट नाही, म्हणजे पुढे चांगलं कार्ड घालायची वाटच बंद.

उरली रॅम. ती त्या महिन्यात नेमकी महागली होती. २१ सप्टेंबर १९९९ला तैवानमध्ये मोठा भूकंप झाला, दोन हजारांवर माणसं गेली. सिंचूमधले चिपचे कारखाने काही कोसळले नव्हते. त्यांची वीज गेली होती, कित्येक दिवस. चालू असलेला माल वाया गेला, जगभर रॅमचे भाव उसळले, आणि लातूरच्या दुकानातला आकडाही बदलला. मामा हे ऐकून बराच वेळ गप्प होते. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी हादरलं त्याला तेव्हा सहाच वर्षं झाली होती, आणि त्या गावांत मदतीला गेलेल्यांत ते होते. 'तिकडे माणसं गेली, आणि आपण भावाची चौकशी करतोय,' एवढंच म्हणाले.

ताईने उपाय काढला तो साधा होता. ताई, वाचत असशील तर श्रेय तुझंच! प्रत्येक ओळीपुढे तिने लिहिलं: 'नंतर घालता येईल' किंवा 'येणार नाही'. रॅम नंतर घालता येईल, भावही उतरतील, म्हणून ६४ एमबीची ३२. मोडेम नंतर, स्पीकर नंतर. पंधरा इंची मॉनिटर राहिला, कारण चौदाचा पंधरा करता येत नाही. यूपीएस राहिला. झाले २५ हजार, वर थोडे.

३२ एमबीत विंडोज ९८ रडतखडत चालायचं. ग्राफिक्सलाही त्याच रॅममधला वाटा लागायचा, त्यामुळे दोन खिडक्या उघडल्या की हार्ड डिस्क कुरकुर करत बसायची. पण टर्बो सी धावायचं, आणि ताईला हवं होतं ते तेच. पुढच्या वर्षी भाव उतरल्यावर रॅम आली, स्पीकर आले. बोर्डाच्या ओळीपुढे मात्र तिने 'येणार नाही' असंच लिहिलं होतं, तरी तोच घेतला, आणि पंचवीस हजारांत तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो. एजीपी कार्ड लागणारे गेम मी शेजारच्या नेट कॅफेत, तासाचे पैसे मोजून खेळायचो.