सगळ्यात भारी रणजी संघ कोणता? आकडे मांडून बघू या

मंडळी, क्रिकेटचा विषय निघाला की आपल्या तळोद्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "रणजी म्हणजे मुंबई, बाकी सगळे पाहुणे." बोलणारा छाती फुगवून बोलतो, जणू शिवाजी पार्क मेन रोडच्या मागेच आहे. त्याला कोणी सांगत नाही की भाऊ, मुंबई तुझा संघ नाही. महाराष्ट्र राज्यातून रणजीला तीन संघ उतरतात, मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र. नंदुरबार जिल्हा तिसऱ्यात येतो, म्हणजे पुण्याच्या असोसिएशनखाली. आपला पोरगा उद्या रणजी खेळलाच तर टोपीवर मुंबई नसणार.

असो. वाद हा आहे की आजवरचा सगळ्यात भारी रणजी संघ कोणता. गेले काही दिवस जुने धावफलक काढून, कॅल्क्युलेटर घेऊन बसलो होतो. काय हाती लागलं ते सांगतो.

नुसती विजेतेपदं मोजली तर विषय दोन मिनिटांत संपतो. १९३४-३५ ला स्पर्धा सुरू झाली आणि पहिलाच करंडक मुंबईने नेला. २०२३-२४ पर्यंत हा आकडा ४२ झाला. त्यात १९५८-५९ ते १९७२-७३ असे सलग पंधरा. पंधरा वर्षं! पहिल्या विजयाच्या वर्षी जन्मलेलं पोरगं दहावीला आलं तरी करंडक मुंबईतच. या काळात राजस्थानने सात वेळा फायनल गाठली आणि सातही वेळा मुंबईकडून मार खाल्ला. सलीम दुराणी, हनुमंत सिंग अशी माणसं असताना.

पण विजेतेपद मोजणं म्हणजे ताकद मोजणं नव्हे. त्या काळी आधी विभागात साखळी सामने. पश्चिम विभागात मुंबईसोबत महाराष्ट्र, गुजरात, बडोदा आणि सौराष्ट्र. त्यातून वर गेलं की दोन-तीन बाद फेरीचे सामने, की करंडक. म्हणजे वर्षाला सहा-सात सामने फक्त. शिवाय सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावाच्या आघाडीवर पुढे जाता यायचं. १९७३-७४ च्या सेमीफायनलला कर्नाटकने बंगळुरात मुंबईची मालिका तोडली ती अशीच, पहिल्या डावाच्या आघाडीवर.

अमेरिकेत बेसबॉलचे लोक असल्या याद्या करण्यात पटाईत. तिथे एका हंगामात १६२ सामने, त्यामुळे आकड्यांना वजन असतं. तरी गंमत बघा, २००१ ला सिएटल मरीनर्सने ११६ सामने जिंकले आणि फायनललाही पोहोचले नाहीत. म्हणून ते लोक नुसते विजय धरत नाहीत. किती धावा केल्या आणि किती दिल्या, हा फरक बघतात. तोच हिशोब मी रणजीला लावला. एका विकेटमागे केलेल्या धावा भागिले एका विकेटमागे दिलेल्या धावा. एका सामन्यावरून हंगाम ठरत नाही हे मान्य, पण अंदाज येतो.

१९४४-४५ ची फायनल, मुंबई विरुद्ध होळकर. मुंबई ४६२ आणि ७६४, होळकर ३६० आणि ४९२. विजय मर्चंटचे २७८, आणि पलीकडून होळकरांसाठी चक्क इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन नाबाद २४९. मुंबई ३७४ धावांनी जिंकली. माझ्या हिशोबात गुणोत्तर येतं १.४४.

१९४८-४९ ची सेमीफायनल पुण्यात, मुंबई विरुद्ध आपला महाराष्ट्र. मुंबई ६५१ आणि ८ बाद ७१४, महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. एकूण २३७६ धावा. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यात इतक्या धावा दुसरीकडे कुठेच झालेल्या नाहीत. चौथ्या डावात ६०४ करूनही आपण ३५४ धावांनी हरलो. गुणोत्तर १.५०.

आता १९७२-७३ ची फायनल, मद्रासला चेपॉकवर. मुंबई १५१ आणि ११३. वाटेल, हा काय स्कोअर झाला? तमिळनाडू ८० आणि ६१! पद्माकर शिवलकरने १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५ घेतले. तिसऱ्या दिवशीच्या पहिल्या चेंडूवर खेळ खल्लास. गुणोत्तर १.८७. म्हणजे १५१ वाली मुंबई, ७६४ वाल्या मुंबईपेक्षा समोरच्याच्या जास्त पुढे होती. धावांचा डोंगर बघून भुलायचं नसतं ते यासाठी. आणि हा शिवलकर, ज्याच्या नावावर प्रथम श्रेणीच्या ५८९ विकेट आहेत, तो भारताकडून एकही कसोटी खेळला नाही. बेदी होते ना समोर.

इथपर्यंत हिशोब छान चालला होता. मग मी डिसेंबर १९४८ चा पुण्याचाच एक सामना घातला आणि सगळं कोलमडलं. महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. काठियावाड २३८, महाराष्ट्र ४ बाद ८२६. भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर होता. जेवणाच्या सुट्टीत काठियावाडच्या कप्तानाने, म्हणजे राजकोटच्या ठाकूरसाहेबांनी, डाव घोषित करा म्हणून हट्ट धरला. महाराष्ट्राने ऐकलं नाही, तर संघ घेऊन निघून गेले. निंबाळकर ४४३ वरच राहिले. कसोटी त्यांच्याही नशिबात नव्हती. या सामन्याचं गुणोत्तर येतं साडेआठच्या वर! आकड्यावर विश्वास ठेवायचा तर हाच जगातला सगळ्यात भारी संघ. आणि याच संघाला त्याच हंगामात मुंबईने ३५४ धावांनी लोळवलं. समोर कोण होतं हे विचारल्याशिवाय गुणोत्तराला काडीची किंमत नाही.

म्हणून मी शेवटी वेगळा प्रश्न धरला. संघातले सगळ्यात चांगले पाच जण काढून घ्या, मग काय उरतं? असा प्रयोग कागदावर करायची गरज नाही, १९७०-७१ ला तो खरोखर झाला. वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर, अशोक मांकड, पाचही जण भारतीय संघाबरोबर वेस्ट इंडिजला. तिकडे गावसकर पहिल्याच मालिकेत ७७४ धावा काढतोय, आणि इकडे सुधीर नाईकच्या हाताखाली उरलेली मुंबई फायनल खेळतेय. समोर कोण? आपलाच महाराष्ट्र. तरी करंडक मुंबईनेच नेला. माझ्या लेखी एक नंबर हा संघ. ज्याची दुसरी फळी चॅम्पियन होते, त्याच्या पहिल्या फळीचं काय मोजायचं?

दोन नंबरला शिवलकरवाला १९७२-७३. तीनला मी मर्चंटच्या मुंबईऐवजी इंदूरचा होळकर संघ ठेवतो. चौदा वर्षांचं आयुष्य, त्यात चार विजेतेपदं आणि सहा उपविजेतेपदं, सी. के. नायडूंसारखा कप्तान. आणि चारला, शिव्या घाला हवं तर, देवधरांचा महाराष्ट्र. १९३९-४० आणि १९४०-४१, सलग दोनदा. प्रा. देवधर तेव्हा पन्नाशीला टेकलेले. त्यानंतर आजतागायत महाराष्ट्राने रणजी जिंकलेली नाही. आपल्या मागून आलेल्या विदर्भाने तीनदा नेली, २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५.

मुंबईची दुसरी फळी आली कुठून, तर मैदानातून. शाळेसाठी हॅरिस आणि जाइल्स शील्ड, मोठ्यांसाठी १९४८ पासून भर पावसात चालणारी कांगा लीग, ऑफिसवाल्यांची टाइम्स शील्ड. आझाद मैदानावर एकाच वेळी इतके सामने की या सामन्याचा पॉइंट त्या सामन्याच्या स्लिपला उभा. तेंडुलकर-कांबळीची १९८८ ची ६६४ ची भागीदारी हॅरिस शील्डमधलीच, शाळेच्या स्पर्धेतली. आणि ती आपल्याला धावेधावेनिशी माहीत आहे, कारण तिथे वही घेऊन कोणीतरी बसलं होतं.

आपल्याकडे काय? टेनिस बॉलची स्पर्धा, डीजे, मंडपात पाहुण्यांचे सत्कार, बक्षिसाची रक्कम बॅनरवर मोठ्या अक्षरात. धावा मात्र पत्र्याच्या फळ्यावर खडूने, संध्याकाळी पुसल्या की गेल्या. शहादा, अक्कलकुवा, तळोदा, तिन्हीकडच्या कितीतरी स्पर्धांच्या बातम्या मी लिहिल्या. त्यात उद्घाटकाचं नाव पूर्ण असायचं, विकेट घेणाऱ्या पोराचं आडनावसुद्धा मिळायचं नाही. पुण्याला निवड चाचणीला जायचं तर आपल्या पोराला रात्रभराचा प्रवास, सुरत त्यापेक्षा कितीतरी जवळ. तिथे विचारलं, "मागच्या वर्षी किती विकेट?" तर दाखवायला कागद नाही.

आयोजक मंडळींना एकच विनंती. स्कोअरबुक स्टेशनरीच्या दुकानात मिळतं, नाहीतर दोनशे पानी वहीत रेघा मारा. पुढच्या स्पर्धेला एक पोरगा फक्त लिहायला बसवा, त्याचा चहा-नाश्ता माझ्याकडे. आणि कोणाच्या घरी माळ्यावर जुन्या सामन्यांच्या वह्या पडल्या असतील, तळोद्याच्या, बोरदच्या, प्रतापपूरच्या, कुठल्याही, तर फोटो काढून इनबॉक्सला पाठवा. चुरगाळलेल्या असल्या तरी चालतील.