दोन नंबरचा सुपरमॅन

व्हीसीआर भाड्यानं आणायच्या दिवसांत आमच्याकडे एका रात्रीत तीन सिनेमे बघायची पद्धत होती. पैसे वसूल व्हायला हवेत ना! दोन हिंदी, मोठ्यांसाठी. एक इंग्रजी, आम्हा पोरांसाठी. त्या तिसऱ्या जागेवर एकदा 'सुपरमॅन २' आला आणि चक्क बाबाही जागे राहिले. त्यात तीन खलनायक फुंकर मारून अख्खं शहर उडवतात. माणसाच्या हातातलं आइसक्रीम दुसऱ्याच्या तोंडावर जाऊन आदळतं. टेलिफोनचा बूथ आडवा होतो, तरी आतला माणूस आपला बोलतोच आहे. बाबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. म्हणाले, "आपल्याकडे बूथ उभा असतानासुद्धा एवढा स्पष्ट आवाज येत नाही."

पुढे बऱ्याच वर्षांनी मला कळलं, की जाणकार प्रेक्षक ज्या प्रसंगावर सगळ्यात जास्त चिडतात तो नेमका हाच. त्याची गोष्ट सांगतो.

अलेक्झांडर आणि इल्या साल्काइंड ही निर्माता बापलेकांची जोडी. त्यांनी १९७७ साली दिग्दर्शक रिचर्ड डोनरकडून सुपरमॅनचे दोन भाग एकदमच चित्रित करून घ्यायला सुरुवात केली. एकाच शूटिंगमधून दोन सिनेमे काढायची सवय त्यांना आधीपासून होती. 'थ्री मस्केटिअर्स'च्या वेळी त्यांनी नटांना न सांगता हेच केलं आणि प्रकरण कोर्टात गेलं होतं. या वेळी निदान सगळ्यांना सांगून केलं. पण खर्च वाढला, वेळ संपत आला, डोनर आणि निर्मात्यांचं बोलणं जवळजवळ बंद झालं. शेवटी दुसरा भाग अर्धवट ठेवून आधी पहिला पुरा करायचं ठरलं. पहिल्या भागाला दणदणीत शेवट हवा, म्हणून दुसऱ्यासाठी राखून ठेवलेला, काळ उलटा फिरवण्याचा शेवट पहिल्यालाच लावून टाकला. (हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.)

डिसेंबर १९७८ मध्ये पहिला भाग आला आणि तुफान चालला. आता डोनर उरलेलं काम संपवणार, असं कुणालाही वाटेल. दुसऱ्या भागाचा बराच मोठा हिस्सा चित्रित होऊन पडला होता. पण १९७९ च्या मार्चमध्ये त्याला काढून टाकलं. आपल्याला तारेनं कळवलं, असं तो सांगत असे. त्याच्या जागी आला रिचर्ड लेस्टर, म्हणजे बीटल्सचा 'अ हार्ड डेज नाइट' करणारा. माणूस हुशार, पण पिंड विनोदाचा. दिग्दर्शक म्हणून नाव लागायचं तर सिनेमाचा पुरेसा भाग स्वतः केलेला हवा, म्हणून डोनरचे तयार प्रसंगसुद्धा पुन्हा नव्यानं लिहून चित्रित झाले. जीन हॅकमननं परत यायला साफ नकार दिला. पडद्यावर जो लेक्स ल्यूथर दिसतो तो डोनरनं टिपलेला. जिथे कमी पडला तिथे पाठमोरा तोतया आणि नकली आवाज!

मार्लन ब्रँडोचं प्रकरण वेगळंच. सुपरमॅनचा बाप झालेल्या ब्रँडोला ३७ लाख डॉलर आणि वर कमाईत वाटा ठरला होता. त्या वाट्यावरून तो कोर्टात गेला आणि निर्मात्यांनी दुसऱ्या भागातून त्याला कापूनच टाकलं. बापाच्या जागी आई आली, सुझाना यॉर्क.

आता गंमत अशी, की यातलं काहीच प्रेक्षकांना जाणवलं नाही. १९८१ साली अमेरिकेत कमाईत हा सिनेमा तिसरा ठरला. रॉजर एबर्टनं चारपैकी चार तारे दिले. पहिल्यापेक्षा दुसराच चांगला, असं म्हणणारे ढिगानं होते आणि मी त्यांतलाच एक. लोइस नायगऱ्याजवळ पाण्यात उडी मारते आणि क्लार्क तिला वाचवावं की गुपित सांभाळावं या पेचात सापडतो... अजूनही मला तो प्रसंग आवडतो. बोला!

मग मत फिरलं कसं? सिनेमा तर तोच होता. माझ्या मते पहिला धक्का दिला तो १९८३ च्या तिसऱ्या भागानं. तो संपूर्ण लेस्टरचा. त्यात रिचर्ड प्रायरची विनोदी भूमिका, आणि डोनरच्या हकालपट्टीवर उघड बोलणाऱ्या मार्गो किडरच्या वाट्याला जेमतेम काही मिनिटं. तो पाहिल्यावर लोकांना दुसऱ्यातले विनोद मागे जाऊन खटकायला लागले. १९८४ साली अमेरिकेच्या एबीसी वाहिनीनं दुसरा भाग दाखवला, तेव्हा त्यात थिएटरात नसलेले प्रसंग होते. म्हणजे कुठेतरी आणखी काहीतरी आहे! चाहते या तुकड्यांच्या टेप जमवू लागले, ताडून पाहू लागले, स्टुडिओला पत्रं लिहू लागले. न पाहिलेला सिनेमा त्यांच्या डोक्यात दरवर्षी आणखी सुंदर होत गेला.

आपल्याला हे नवं नाही. 'शोले'त ठाकूर गब्बरला मारतो, हा मूळ शेवट आणीबाणीतल्या सेन्सॉरनं बदलायला लावला, हे आपण किती वर्षं एकमेकांना सांगत होतो! त्या शेवटासकट नीट केलेली प्रत २०२५ साली इटलीत बोलोन्याला दाखवली गेली.

सुपरमॅनच्या चाहत्यांचा नंबर त्याआधी लागला. २००४ मध्ये ब्रँडो गेला, ख्रिस्तोफर रीव्हही गेला. 'सुपरमॅन रिटर्न्स'साठी ब्रँडोची जुनी दृश्यं वापरायचा करार झाला आणि वाट मोकळी झाली. मायकेल थाऊनं जुन्या निगेटिव्ह धुंडाळून डोनरचा दुसरा भाग जोडला. तो नोव्हेंबर २००६ मध्ये डीव्हीडीवर आला, रीव्हच्या स्मृतीला अर्पण करून.

त्यातला एक प्रसंग मी विसरणार नाही. प्रेमासाठी शक्ती सोडून दिलेला क्लार्क थंडीत, पायी, हरून परत येतो आणि बापाच्या सावलीसमोर उभा राहतो. बाप आपली उरलीसुरली सगळी शक्ती मुलाला देऊन कायमचा विझतो. लेस्टरच्या सिनेमात याच जागी एक हिरवा स्फटिक चमकतो आणि पुढच्या वेळी सुपरमॅन दिसतो तेव्हा शक्ती परत आलेली असते. कशी, ते कुणी सांगत नाही. लहानपणी मी विचारलंही नव्हतं. एका पैशाच्या भांडणापायी काय कापलं गेलं, ते २००६ साली कळलं आणि मी मनातल्या मनात लेस्टरला शिव्या घातल्या.

पण पुढे? काही प्रसंग डोनरला कधी चित्रितच करता आले नव्हते. त्यामुळे लोइस क्लार्कवर पिस्तूल झाडते तिथे चक्क जुन्या स्क्रीन टेस्ट वापरल्या आहेत. एका शॉटमध्ये रीव्ह किडकिडीत, दुसऱ्यात भरलेला! आणि शेवट? तोच, काळ उलटा फिरवण्याचा, जो पहिल्या भागात वापरून झाला होता. बरं, काळ उलटा फिरला म्हणजे काहीच घडलं नाही. तरीही क्लार्क हॉटेलात जाऊन, आपल्याला कधीच न मारलेल्या गुंडाला बडवून येतो. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो सिनेमा हाती आल्यावर लोकांनी त्याच्याही चुका काढल्या आणि काहींनी चोरून कबूल केलं, की जुनाच बरा होता.

मी बरीच वर्षं 'डोनरचाच खरा' असं ठासून सांगत होतो. खरं सांगायचं तर ते सिनेमाबद्दलचं मत नव्हतंच. एका माणसावर अन्याय झाला होता आणि मी त्याच्या बाजूनं मत दिलं होतं. डोनर २०२१ मध्ये गेला तेव्हाही हेच म्हणत होतो.

गेल्या दिवाळीत बाबांना डोनरची आवृत्ती लावून दिली. काहीच सांगितलं नाही, ना डोनर ना लेस्टर. ब्रँडोच्या प्रसंगाला ते एकदम गप्प झाले, चष्मा काढून पुसला. मला वाटलं, जिंकलो. मग शहरातली मारामारी आली. या आवृत्तीत तिथल्या बऱ्याच गमती छाटल्या आहेत. बाबा थोडे पुढे सरकून बसले होते, वाट पाहत. प्रसंग संपला तसे मागे टेकले.

"या वेळी वारा कमी पडला रे," म्हणाले.