विशेष मुलांचे मैदान आणि सण

अपंग मुलांसाठीच्या कार्याचा विचार होतो तेव्हा उपचार, शाळा आणि निवारा या तीन गरजा सर्वप्रथम पुढे येतात. खेळ आणि सण यांची गणना मात्र बहुधा हौसेत केली जाते. वस्तुतः मूल बरोबरीच्या मुलांत मिसळते ते प्रामुख्याने मैदानावर आणि सणाच्या दिवशी. तेथे त्याला जागा नसेल, तर शाळेत नाव दाखल असूनही ते एकाकीच राहते.

वऱ्हाडाला व्यायामाची आणि सेवेची अशा दोन्ही परंपरा आहेत. अंबादासपंत व अनंत वैद्य या बंधूंनी १९१४ मध्ये अमरावतीत श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. मंडळाच्या चमूने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली होती. याच अंबादासपंत वैद्य यांचे नाव अचलपूर तालुक्यातील वझ्झर येथील मतिमंद-मूकबधिर बालगृहाला देण्यात आले आहे. संत गाडगेबाबांच्या विचारांनी प्रेरित झालेले शंकरबाबा पापळकर १९९० च्या दशकाच्या प्रारंभापासून येथे टाकून दिलेल्या अपंग मुलांचा सांभाळ करीत आले आहेत. या मुलांची संख्या १२३ सांगितली जाते. त्यांच्या कागदपत्रांवर वडील म्हणून शंकरबाबांचे नाव आहे. मुलांच्या हातांनी या परिसरात हजारो झाडे लावली गेली. शंकरबाबांना २०२४ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

या बालगृहाने सण चार भिंतींत ठेवला नाही. येथील अनेक मुलींचे विवाह समाजाच्या साक्षीने पार पडले. २० डिसेंबर २०२० रोजी नागपुरात झालेल्या अशाच एका विवाहात तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी कन्यादान केले. येथे वाढलेल्या एका दृष्टिहीन मुलीने महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत यश मिळविले, ही बातमी २०२४ मध्ये राज्यभर पोहोचली.

सर्वांना सामावणारा खेळ

विशेष मुलांसाठी वेगळी स्पर्धा भरविणे आणि त्यांना सर्वांच्या खेळात सामील करून घेणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रकारात खेळ तोच राहतो, नियम व साधने तेवढी बदलतात. अंधांच्या क्रिकेटमधील चेंडूत छर्रे असतात. त्यांच्या आवाजावरून फलंदाज चेंडूचा वेध घेतो. पूर्णतः दृष्टिहीन खेळाडूने काढलेल्या धावा दुप्पट मोजल्या जातात. मुंबईत उदय देशपांडे यांनी दृष्टिहीन मुलांना मल्लखांब शिकविला. त्यांनाही २०२४ मध्येच पद्मश्री जाहीर झाली. स्पेशल ऑलिम्पिक्सच्या 'युनिफाइड स्पोर्ट्स' उपक्रमात बौद्धिक अक्षमता असलेले व नसलेले खेळाडू एकाच संघातून उतरतात.

सणांचेही तसेच आहे. वऱ्हाडातील भुलाबाईच्या गाण्यांनंतर खाऊ ओळखण्याचा खेळ होतो. डबा हलवून आवाजावरून, वासावरून अंदाज बांधायचा असल्याने दृष्टिहीन मुलगी येथे कुठेच मागे पडत नाही. तान्ह्या पोळ्यात चाकांचा लाकडी बैल ओढत मुले रांगेने उभी राहतात, घरोघरी जाऊन बोजारा मिळवितात. चाकांच्या खुर्चीतील मुलालाही या रांगेत सहज उभे करता येते. त्यासाठी मैदानात शिरताना पायऱ्यांऐवजी उतार हवा. मात्र स्वमग्न मुलाला ध्वनिवर्धकाचा गोंगाट असह्य होऊ शकतो. अशा वेळी आवाज मर्यादित ठेवणे, जवळच एखादी शांत खोली राखणे आणि काय काय होणार आहे हे मुलाला चित्रांच्या साहाय्याने आधी समजावणे उपयोगी पडते. यांपैकी कशालाही मोठा खर्च लागत नाही.

कायदा काय सांगतो?

बालहक्कांविषयीच्या १९८९ च्या संयुक्त राष्ट्र करारातील ३१ वे कलम खेळ हा मुलाचा हक्क मानते. भारताने हा करार १९९२ मध्ये स्वीकारला. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कराराला भारताने २००७ मध्ये मान्यता दिली. त्यानुसार खेळ व करमणुकीत अपंग मुलांना इतर मुलांच्या बरोबरीने सहभागी होता आले पाहिजे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अपंगत्वाचे २१ प्रकार नमूद आहेत. १९९५ च्या कायद्यात ते सातच होते. नव्या कायद्याचे २९ वे कलम संस्कृती व करमणुकीविषयी, तर ३० वे कलम क्रीडाविषयक आहे. याचा अर्थ, मैदानावरील जागा ही कोणाची कृपा नसून तो हक्क आहे.

तरीही एक प्रश्न उरतो. बालगृहांना लागू असलेल्या कायद्याच्या लेखी वयाची १८ वर्षे पूर्ण होताच बालपण संपते आणि बालगृहाचा आधार सुटण्याची वेळ येते. बौद्धिक अक्षमता असलेल्या अनाथाची गरज त्या दिवशी संपत नाही. अशा मुलांना १८ वर्षांनंतरही त्याच घरी राहू द्यावे, अशी मागणी शंकरबाबांनी वर्षानुवर्षे शासनाकडे लावून धरली आहे. सोबतीने खेळलेली, एकत्र सण साजरे केलेली माणसे हेच ज्यांचे कुटुंब, त्यांना वयाच्या दाखल्यावरून वेगळे करायचे का, हा त्या मागणीमागचा प्रश्न आहे.

अमरावती-अकोल्यातील वस्त्यांत गणेशोत्सव व दुर्गोत्सवाची मंडळे आहेत. आपल्या वस्तीत अशी मुले किती आहेत, याची चौकशी मंडळांनी आधी करावी आणि कार्यक्रमाची आखणी त्यांच्या पालकांना विचारून करावी. निधी गोळा करण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक मोलाचे, हे काम ठरेल.