बॉम्बे आफ्रिकन

बॉम्बे आफ्रिकन : गुलामांच्या गलबतांवरून सुटून नाशिकजवळच्या शरणपूर येथे वाढलेला आणि पुढे पूर्व आफ्रिकेत स्थायिक झालेला ख्रिस्ती समाज. मायभूमीपासून तुटलेल्या, निरनिराळ्या कुळांच्या माणसांतून परक्या जागी जो नवा समाज घडतो, त्याला क्रिओल म्हणण्याचा प्रघात आहे. बॉम्बे आफ्रिकनांना हे नाव सहसा लावले जात नाही. लावायला मात्र हरकत नसावी.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश आरमार हिंदी महासागरात गुलाम वाहणारी गलबते पकडत असे. सुटलेल्यांना आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सोडले, तर ते पुन्हा धरले जाण्याची भीती होती. बरीचशी मुले तर इतकी लहान असत की आपले गाव कोठे हेही त्यांना सांगता येत नसे. म्हणून त्यांना एडन, मुंबई, मॉरिशस, सेशेल्स अशा ठिकाणी उतरवत, आणि कोण कोठे उतरले यावरच त्यांची पुढची ओळख ठरे. सेशेल्सला उतरलेले मळ्यांवर राबले आणि तिथल्या क्रिओल समाजाचाच भाग झाले. मुंबईला आलेल्यांपैकी काही मुले चर्च मिशनरी सोसायटीच्या हवाली झाली व नाशिकला पोहोचली.

विल्यम सॉल्टर प्राइस या पाद्र्याने १८५४ मध्ये शरणपूरची ख्रिस्ती वस्ती वसवली होती. तिथेच आफ्रिकन आश्रम निघाला. याओ, माकुआ अशा वेगवेगळ्या जमातींची ही मुले सुतारकाम, लोहारकाम शिकली, इंग्रजी व हिंदुस्तानी बोलू लागली. बाप्तिस्म्याबरोबर नवी नावे आली : चेंग्विम्बे नावाचा याओ मुलगा मॅथ्यू वेलिंग्टन झाला.

१८६४ मध्ये विल्यम जोन्स, इश्माएल सेम्लर आणि जॉर्ज डेव्हिड हे मॉम्बासाजवळच्या राबाई येथील मिशनच्या कामाला गेले. १८६६ च्या आफ्रिकेतील मोहिमेत स्कॉटिश मिशनरी व संशोधक-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनने शरणपूरची नऊ मुले सोबत घेतली. त्याच्या रोजनिशीत त्यांच्याविषयी तक्रारी आहेत, आणि त्या वाचताना त्या मुलांनी रोजनिशी लिहिली नव्हती हे ध्यानात ठेवलेले बरे. १८७२ मध्ये आणखी सहा जण त्याच्या मदतीला गेले. त्यांतला जेकब वेनराइट मात्र लिहिणारा निघाला. १ मे १८७३ च्या सुमारास लिव्हिंग्स्टन वारला, तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना वेनराइटने वाचली आणि झाडावर लेख कोरला. लिव्हिंग्स्टनचे जुने सोबती चुमा व सुसी यांच्या नेतृत्वाखाली शव महिनोन्‌महिने खांद्यावरून किनाऱ्यापर्यंत आणले गेले. (या दोघांनाही पुष्कळदा नाशिकचे समजतात, ते शरणपूरचे नव्हेत.) १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटी उचलणाऱ्यांमध्ये वेनराइट होता. प्रवासाची त्याची रोजनिशी उपलब्ध आहे.

पूर्वी मुंबईचे गव्हर्नर असलेले सर बार्टल फ्रिअर यांच्या शिष्टाईनंतर १८७३ मध्ये झांझिबारच्या सुलतानाने गुलामांचा बाजार बंद करण्याचा करार केला. आता सुटलेल्यांना आफ्रिकेतच वसवावे असे ठरले. प्राइस मॉम्बासाला गेला, १८७५ मध्ये तिथे फ्रिअरटाउन ही मुक्त गुलामांची वस्ती उभी राहिली आणि शरणपूरची आफ्रिकन शाखा संपली.

तिकडे गेलेली शरणपूरची माणसे मायदेशी परतलेली मानली गेली, पण किनाऱ्यावरच्या लोकांना ती परकीच वाटली. कपडे, धर्म, कारागिरी, बोलणे, सारेच वेगळे. गोऱ्या मिशनऱ्यांच्या लेखी ती शिक्षक आणि दुभाषे म्हणून उपयोगी होती, बरोबरीची नव्हती. पगार आणि मानावरून खटके उडत राहिले. जोन्स राबाईला असताना पळून आलेल्या गुलामांना मिशनच्या जमिनीवर आसरा मिळत गेला. अखेर इंपीरियल ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीने मालकांना भरपाई दिली आणि १ जानेवारी १८८९ रोजी चौदाशेंवर लोकांना मुक्ततेचे दाखले मिळाले.

महाराष्ट्रात क्रिओल म्हटले की रायगड जिल्ह्यातील कोर्लई आठवते. तिथे पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून क्रिओल बोली जन्मली, कारण लोक शतकानुशतके एकाच जागी राहिले. शरणपूरला दोन दशकांतच माणसे हलली, त्यामुळे नाशिकची अशी बोली झाली नाही. फ्रिअरटाउनमधल्या पुढच्या पिढ्या स्वाहिलीत रुजल्या. याच वस्तीतल्या मुक्त गुलामाचे पुत्र जेम्स म्बोटेला यांनी गुलामांच्या मुक्ततेवरचे पुस्तक १९३४ मध्ये स्वाहिलीतच लिहिले. लिव्हिंग्स्टनच्या सोबत्यांपैकी सर्वांत शेवटी हयात राहिलेला मॅथ्यू वेलिंग्टन १९३५ मध्ये मॉम्बासाला वारला.